विरार ते पोखरा, व्हाया टॉयलेट

आमच्या घरातल्या सहलींचा इतिहास लिहायचा झाला तर फोटोंचे अल्बम काढून उपयोग नाही, आईला विचारावं लागेल. ती प्रत्येक गाव तिथल्या शौचालयावरून लक्षात ठेवते. गणपतीपुळे म्हणजे जिथे स्वच्छ सोय होती आणि बाहेर बसलेल्या बाईंनी साबणाची वडीसुद्धा दिली ते. एक थंड हवेचं ठिकाण म्हणजे जिथे हॉटेलवाल्याने चार चहा घ्यायला लावले आणि मगच आत सोडलं ते. एका किल्ल्याचं तर तिला नावही आठवत नाही, पण पायथ्याशी पत्र्याचा आडोसा होता, त्याला कडी नव्हती आणि मी बाहेर ओढणी धरून उभी होते, हे व्यवस्थित आठवतं.

आईने अठ्ठावीस वर्षं विरार-दादर केलं. लोकलला टॉयलेट नसतं. घरातून निघून ऑफिसच्या खुर्चीत बसेपर्यंत पावणेदोन तास, आणि गाडी लेट असली तर किती ते देवाला माहीत. त्यामुळे सकाळी अर्धा कप चहा आणि गोळी गिळण्यापुरतं पाणी. संध्याकाळी चार वाजल्यानंतर पाणी बंद. तिच्या डब्यातल्या सगळ्याच बायकांचा हा नेम होता. उपास जसा सांगावा लागत नाही तसा. मुंबईत २०११ मध्ये ‘राइट टू पी’ मोहीम सुरू झाली. बायकांसाठी मोफत, स्वच्छ आणि सुरक्षित मुताऱ्या हव्यात, एवढीच मागणी. तेव्हा आईने कुठेतरी सहीसुद्धा केली होती. मी शाळेत होते. मोहिमेचं नाव ऐकून मला फिस्सकन हसू आलं होतं आणि आईने डोळे वटारले होते.

निवृत्त होईपर्यंत तिला लघवीच्या मार्गाचा संसर्ग दोनदा होऊन गेला होता. मग एका गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्यामुळे खाली उकिडवं बसणं संपलं. आता दर तासाला, कधी पाऊण तासाला जावं लागतं, आणि तेही कमोडच लागतो. डॉक्टर म्हणतात, भरपूर पाणी प्या. घरी पिते. बाहेर निघायचं ठरलं की आदल्या रात्रीपासूनच हात आखडतो. लग्नकार्याला नागपूरला जायचं तर ट्रेन चालते, कारण डब्यात कमोड असतो, पण स्टेशनाबाहेर पडल्यावर पुढे जीपने दोन तास असतील तर नकार. तिच्या नकाशावर विरारपासून एक तासाचं वर्तुळ काढलेलं होतं आणि त्याच्या बाहेर जग संपत होतं.

मग मामाने गाडी घेतली.

मामा नालासोपाऱ्याला राहतो, इलेक्ट्रिकची कंत्राटं घेतो. त्याला गाड्यांचं वेड आहे. त्याने पुण्याकडच्या एकाची जुनी मोटर कॅराव्हान विकत घेतली. म्हणजे टेम्पो ट्रॅव्हलरच्या आकाराची गाडी, आत दोन बेड, शेगडी, छोटा फ्रिज, छतावर सोलर पॅनल आणि मागच्या कोपऱ्यात अडीच बाय तीन फुटांचं टॉयलेट. साध्या गाडीत पलंग ठोकून अशी गाडी घरच्या घरी बनवता येत नाही. आरसीवर नोंद आहे त्यापेक्षा वेगळा बदल गाडीच्या मूळ रचनेत करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. मामाची गाडी आधीपासूनच मोटर कॅराव्हान म्हणून नोंदवलेली होती, त्यामुळे वसईच्या पासिंगला, म्हणजे एमएच ४८ वर, आणायला फार त्रास झाला नाही. आमच्या गावावरून जाणारा महामार्गही ४८ क्रमांकाचाच. बाबांना हा शुभशकुन वाटला. बाबांना आकडे जुळले की बरं वाटतं.

गाडी बघायला आई आली, तिने बेड पाहिला नाही, फ्रिज पाहिला नाही. सरळ मागचं दार उघडलं, कमोडवर बसली, दार लावून घेतलं, कडी घातली. आतून तिचा आवाज आला, “कडी चांगली आहे रे.” मामा म्हणाला, “ताई, कुठे जायचं बोल.”

ती म्हणाली, “हिमालय बघायचाय.”

*

नेपाळ ठरलं त्याचं कारण पासपोर्ट. आईने कधी काढलाच नाही. भारत आणि नेपाळ यांच्यात १९५० चा मैत्री करार आहे, त्यामुळे आपल्याला व्हिसा लागत नाही आणि रस्त्याने जाताना मतदार ओळखपत्र पुरतं. म्हणजे आईला परदेश बघता येणार होता तो निवडणुकीच्या कार्डावर. नातेवाइकांनी नेहमीप्रमाणे घाबरवलं. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथे तरुणांच्या आंदोलनात सरकार पडलं होतं, ते व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले होते. आम्ही नोव्हेंबरच्या शेवटी निघालो तेव्हा तिथे सुशीला कार्की यांचं हंगामी सरकार होतं आणि मार्चमधल्या निवडणुकीची तयारी चालू होती. मला मॅनेजरने दहा दिवस रजा आणि पुढचे चार दिवस ‘जिथे असशील तिथून काम’ असं दिलं.

एका बाजूने साधारण १९०० किलोमीटर. चिंचोटी-कामण-भिवंडीच्या रस्त्यावर पहिल्या तासातच गाडीतला चमचान्‌चमचा जागा सोडून खाली आला. आमण्याला समृद्धी महामार्गावर चढलो आणि एकदम शांतता. हा ७०१ किलोमीटरचा रस्ता जून २०२५ पासून नागपूरपर्यंत सलग खुला झालाय. इगतपुरीजवळचा जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा संपून बाहेर आलो तेव्हा मी मागे वळून आईची बाटली पाहिली. एक लिटरची स्टीलची बाटली, घरून भरून घेतलेली. तशीच्या तशी.

टॉयलेट तिच्यापासून चार पावलांवर होतं. तरीही ती पाणी पीत नव्हती.

“तहान नाही लागली,” ती म्हणाली. सिन्नर गेलं, शिर्डीचा फाटा गेला. दुपारी मामाने गाडी बाजूला घेऊन खिचडी टाकली, तेव्हा दोन घोट. मी कामावर दिवसभर सर्व्हरचे आलेख बघते. कुठलीही रेषा इतकी सपाट दिसली की आमच्याकडे कुणीतरी फोन उचलतं. इथे फोन कुणाला करणार? अठ्ठावीस वर्षं शरीराला एक गोष्ट शिकवली होती. ती सोय समोर आली म्हणून एका दुपारी विसरली जाणार नव्हती.

बाबांचं म्हणणं वेगळं होतं. “एवढी गाडी कशाला? दर पंपावर टॉयलेट असतं.” पंपावर टॉयलेट असतं हे खरंच आहे. त्याच दिवशी संध्याकाळी एका पंपावर ते पडताळून पाहिलं. बायकांच्या टॉयलेटला कुलूप होतं, किल्ली मॅनेजरकडे, मॅनेजर जेवायला. पुरुषांचं उघडं होतं, बाबा जाऊन आले. आई गाडीत चढली, मागे गेली, कडीचा आवाज आला. बाहेर आल्यावर तिने पर्समधून एक छोटी वही काढली आणि त्यात काहीतरी लिहिलं. मला वाटलं खर्च लिहितेय.

*

आता जरा तांत्रिक. अशा गाडीत कॅसेट टॉयलेट असतं. कमोडच्या खाली साधारण अठरा लिटरची बंद टाकी, तिला कॅसेट म्हणतात. आत निळं द्रावण टाकलेलं असतं, त्याने वास दबतो आणि घाण विरघळते. दांडी ओढली की झडप उघडते, काम झालं की बंद. टाकी भरली की दिवा लाल होतो. मग गाडीच्या बाहेरून एक छोटं दार उघडून कॅसेट ओढून काढायची आणि कुठल्यातरी खऱ्या शौचालयात ओतून, धुऊन, परत बसवायची. युरोपात यासाठी वाहनतळांवर वेगळी जागा असते. आपल्याकडे पंपावर किंवा ढाब्यावर विनंती करावी लागते. शेतात किंवा नाल्यात ओतायचं नाही, हा मामाचा पहिला नियम.

चौघांनी वापरलं तर कॅसेट दोन दिवसांत भरते. म्हणून ठरलं की पुरुषांनी शक्यतो बाहेर जायचं. आणि रिकामी कोण करणार? पहिल्यांदा मामाने केली, दुसऱ्यांदा मी. बाबा त्या वेळी गाडीच्या पुढच्या बाजूला जाऊन टायरची हवा बघत. त्यांना दोष द्यायला मी हे लिहीत नाहीये. ज्या देशात माणसाने माणसाची घाण हाताने काढू नये म्हणून २०१३ मध्ये पुन्हा नव्याने कायदा करावा लागला, तिथे हे काम पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक लोकांच्या माथी मारलेलं आहे. बाकीच्यांना ते दिसूच नये अशी घरांची रचना असते. आमच्या घरातही संडास धुणारी व्यक्ती आईच होती, आणि बाबांना हार्पिक कुठल्या कपाटात असतं हे माहीत नसावं.

नागपूर ओलांडून पेंचच्या जंगलातून गेलो. तिथे महामार्ग उंच उचललाय, जनावरं खालून ये-जा करतात. आई खिडकीला नाक लावून बसली होती. “वाघासाठी रस्त्याखालून वाट काढली,” ती म्हणाली, “छान केलं.” पुढचं बोलली नाही, पण मला ऐकू आलं. त्या रात्री सिवनीच्या पुढे एका ढाब्याच्या आवारात मुक्काम केला. रात्री तीनला मला जाग आली. अंधारात आई बाटली तोंडाला लावून पाणी पीत होती, घटाघटा, थांबून, परत. चोरून पीत असल्यासारखी. मी डोळे मिटून घेतले.

जबलपूरला नर्मदा ओलांडली, रीव्याच्या पुढे सोहागी घाट उतरलो आणि विंध्याचं पठार संपलं. खाली गंगेचं मैदान. आम्ही वसई-विरारची माणसं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला तुंगारेश्वरचा डोंगर, नजर कुठेतरी अडतेच. इथे काही अडतच नाही. ऊस भरलेल्या ट्रॉल्या, वीटभट्ट्यांची धुराडी, सकाळचं धुकं, आणि धुक्यात शेताकडे चाललेल्या बायकांच्या हातातले डबे. भारताने २ ऑक्टोबर २०१९ ला ग्रामीण भाग हागणदारीमुक्त झाल्याचं जाहीर केलं. नेपाळने आपल्या देशाबद्दल तेच दोन दिवस आधी, ३० सप्टेंबरला, जाहीर केलं होतं. जाहीर करणं आणि सकाळी सहाला रस्त्याच्या कडेला जे दिसतं ते, यांत अंतर आहे. आई गाडीतून बघत होती. “थंडीत बरं असतं,” ती म्हणाली, “धुकं असतं.”

*

गोरखपूरहून नौतनवामार्गे सोनौलीपर्यंत शंभरेक किलोमीटर. शेवटचे दोन-तीन किलोमीटर ट्रकांची रांग. मग कमान आली. तिच्याखालून सायकली, रिक्षा, डोक्यावर बोजा घेतलेल्या बायका, शाळेची मुलं असे सगळे आरामात इकडून तिकडे जात होते. भारत-नेपाळ सीमा सुमारे १७५० किलोमीटरची. ब्रिटिश आणि नेपाळ यांच्यातल्या १८१६ च्या सुगौली तहाने तिचा बराचसा आकार ठरला. माणसाला ती उघडी आहे. गाडीला मात्र कागद लागतात.

नेपाळी बाजूला बेलहिया. तिथे जकातीच्या कचेरीला ‘भन्सार’ म्हणतात. आरसी, लायसन्स, ओळखपत्र दाखवायचं, किती दिवस राहणार ते सांगायचं, दिवसाच्या हिशोबाने पैसे भरायचे. खिडकीतल्या अधिकाऱ्याने अर्ज भरायला घेतला, मग बाहेर येऊन गाडीत डोकावला. शेगडी पाहिली, बेडवर पाय पसरून सुकेळी खाणारी आई पाहिली.

“यो बस हो कि घर?”

मामा म्हणाला, “घर.” बाबा म्हणाले, “प्रायव्हेट गाडी.” अधिकाऱ्याने हसत आईकडे बघितलं. आईने त्याला सुकेळीचा पुडा पुढे केला. वसईच्या राजेळी केळ्यांची उन्हात वाळवलेली सुकेळी म्हणजे काय हे त्याला समजावण्यात दहा मिनिटं गेली. सगळे सोपस्कार होईपर्यंत दोन तास लागले. हातात आलेल्या कागदावर साल होतं २०८२, विक्रम संवताचं. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे. बाबांनी त्यांचं घड्याळ बदललं नाही. “पंधरा मिनिटांसाठी कोण काटे फिरवणार,” म्हणाले, आणि पुढचा आठवडाभर प्रत्येक वेळेत मनातल्या मनात पंधरा मिळवत राहिले.

आईला खरा धक्का बसला तो पाट्यांचा. परदेश म्हटल्यावर तिला वाटलं होतं काही वाचता येणार नाही. इथे सगळं देवनागरी. ‘खाजा घर’, ‘कपडा पसल’, ‘औषधि पसल’. ती मोठ्याने वाचत सुटली, लहान मुलं बसच्या खिडकीतून वाचतात तशी. आणि मग एका पाटीवर अगदी आपलाच शब्द: ‘शौचालय’. “थांब रे,” ती म्हणाली. गाडीत टॉयलेट असताना ती मुद्दाम उतरली, दहा रुपये देऊन आत गेली, बाहेर येऊन वहीत लिहिलं. तेव्हा मला कळलं ती वही खर्चाची नव्हती.

पहिल्या पानावर रकाने आखलेले होते. ठिकाण. कमोड की भारतीय. पाणी. कडी. दिवा. किल्ली कुणाकडे. पैसे. शेवटचा रकाना: ‘परत जाईन का’. मी सहा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. इतका नेमका तक्ता मला क्वचित कुणी करून दिलाय.

*

पहिला मुक्काम लुंबिनीला. मामाचा हट्ट होता. कारण त्याच्या घरापासून थोड्या अंतरावर सोपाऱ्याचा स्तूप आहे, ज्याला गावातले जुने लोक बुरुड राजाचा कोट म्हणत. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी तिथे उत्खनन केलं. सोपाऱ्यालाच त्यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. पुढे १९५६ मध्ये भुईगावला नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. आठवा लेख गमतीचा आहे. आधीचे राजे मौजेसाठी, शिकारीसाठी प्रवासाला निघत, असं अशोक सांगतो. मग राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी तो स्वतः जिथे बुद्धाला ज्ञान मिळालं तिथे गेला आणि तेव्हापासून त्याचे प्रवास बदलले. लोकांना भेटायचं, वृद्धांना मदत करायची, खेड्यापाड्यांतल्या माणसांशी बोलायचं. म्हणजे आमच्या नालासोपाऱ्यात सापडलेला सगळ्यात जुना मजकूर प्रवास कसा करावा याबद्दल आहे.

लुंबिनीचा स्तंभही त्याचाच, राज्याभिषेकानंतर विसाव्या वर्षीचा. बुद्धाचा जन्म इथे झाला, म्हणून या गावाचा कर कमी केला, असं त्यावर कोरलंय. लिपी तीच, ब्राह्मी. मामा कठड्याला टेकून बराच वेळ बघत राहिला. “आपल्याकडचीच अक्षरं,” तो म्हणाला. अशोकाने रस्त्यांच्या कडेला झाडं लावली, विहिरी खोदल्या, हे दुसऱ्या एका लेखात येतं, ते मी सांगितलं. आईने लगेच विचारलं, “आणि बायकांनी जायचं कुठे, ते लिहिलंय का?”

*

भैरहवापासून बुटवलपर्यंत सपाट तराई. तीच भाताची खाचरं, तेच बगळे. बुटवलला मैदान एखाद्या भिंतीवर आपटावं तसं संपतं. तिनाऊ नदीच्या घळीतून सिद्धार्थ राजमार्ग वर चढतो. भारताच्या मदतीने बांधलेला हा रस्ता पोखऱ्यापर्यंत जातो. बुटवलच्या लगेच पुढचा सिद्धबाबा मंदिराजवळचा भाग दरडींसाठी कुप्रसिद्ध आहे, त्याला पर्याय म्हणून बोगद्याचं काम काढलंय. तिथेच आम्ही अडकलो. पुढे दगड आले होते. “बाटो बन्द,” एक ट्रकवाला खिडकीतून म्हणाला आणि त्याने इंजिन बंद केलं.

एक तास गेला, दोन गेले. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला खोल नदी. पुरुष उतरून दहा पावलं पुढे जाऊन कातळाकडे तोंड करून उभे राहत होते. आमच्या पुढे एक प्रवासी बस होती. तिच्यातून एक तरुण बाई मुलाला कडेवर घेऊन उतरली, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं, चार पावलं गेली, परत आली, पुन्हा गेली. आई काचेतून बघत होती.

“ती चाल मी ओळखते,” ती म्हणाली आणि गाडीचं दार उघडलं.

हाताने खूण केली, ये. बाईला कळेना. आईने मागचं दार उघडून कमोड दाखवला. त्या बाईचा चेहरा मी विसरणार नाही. मूल माझ्या हातात देऊन ती आत गेली. बाहेर आली तेव्हा काही बोलली नाही, नुसता आईचा हात धरला. पाच मिनिटांनी दारात एक आजी आणि तिची नात. “आमा, यहाँ शौचालय छ?” मग आणखी दोघी. मग रांगच लागली. कॉलेजच्या मुली, लग्नाला निघालेल्या बायका, ट्रकवाल्याची बायको. शंभर लिटरची पाण्याची टाकी, तिचा काटा बघून मामा अस्वस्थ झाला. आईने दारात उभं राहून अर्धा मग प्रत्येकीला असा हिशोब लावला. तिला नेपाळी येत नव्हतं, त्यांना मराठी येत नव्हतं. रांगेत मात्र सगळं कळत होतं. कुणाला आधी सोडायचं हेही न बोलता ठरत होतं.

अकरापर्यंत मी मोजलं. मग दिवा लाल झाला.

रांगेत अजून तिघी होत्या. मामा कुठे ओतायचं ते विचारायला पुढे गेला होता. मी हातमोजे शोधत होते. तेवढ्यात बाबा बाहेरून म्हणाले, “ते दार कसं उघडतं?” मी दाखवलं. त्यांनी कॅसेट ओढून बाहेर काढली. भरलेली, वीस किलोच्या आसपास. तिला चाकं असतात, पण त्या रस्त्यावर चाकांचा काही उपयोग नव्हता. बाबा ती दोन्ही हातांनी धरून, अंगापासून जरा लांब, ट्रकांच्या रांगेच्या कडेने उताराकडे चालू लागले. मागे एक खाजा घर लागलं होतं. पंचवीस मिनिटांनी परत आले, धुतलेली कॅसेट बसवली, साबणाने दोनदा हात धुतले आणि शर्टाची बाही खाली केली. त्या तिघींपैकी पहिली आत गेली.

बाबा पायरीवर बसले. आईने चहा दिला. बराच वेळ दोघं गप्प. मग बाबांनी विचारलं, “तुझ्या दादरच्या ऑफिसात सोय कशी होती?”

लग्नाला छत्तीस वर्षं झालीत. तिने तिथे अठ्ठावीस वर्षं काढली. आई क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग सांगायला लागली. तिसऱ्या मजल्यावर एकच होतं. किल्ली शिपायाकडे. सगळ्यांदेखत त्याच्याकडे मागावी लागायची. म्हणून बायकांनी आपसांत एक खूण ठरवली होती, टेबलावर निळा पेन आडवा ठेवायचा, मग जिच्याकडे किल्ली असेल ती उठायची. माझ्या वेळी सातव्या महिन्यापर्यंत ती गाडीला लटकत गेली होती, आणि दादरला उतरून आधी कुठे धावायची, तेही सांगितलं. मी हे काहीच ऐकलेलं नव्हतं. बाबा ऐकत होते, मध्ये बोलत नव्हते. चार तासांनी रस्ता सुटला. बसमधल्या बायकांनी खिडक्यांतून हात हलवले, आणि आई अजून तिच्या जुन्या साहेबांबद्दल सांगत होती.

*

तानसेनला रात्र काढली, सकाळी रामदीला काली गंडकी ओलांडली आणि दुपारी पोखऱ्याला पोचलो. दुसऱ्या दिवशी पहाटे ढग नव्हते. फेवा तलावाच्या वर माछापुच्छ्रे उभा होता, ६९९३ मीटर, माशाच्या शेपटीसारखा फाटलेला. त्याच्या मागे अन्नपूर्णेची रांग. वरून खाली गुलाबी होत आलं. आई शाल गुंडाळून गाडीच्या पायरीवर बसली होती, मांडीवर बाटली. ती बाटली मी येता-जाता बघतच होते. आठ वाजेपर्यंत रिकामी झाली. तिने ती मामाकडे दिली आणि म्हणाली, “भर.”

परत आल्यावर मी तिची वही फोनवर उतरवून घेतली, नकाशावर खुणा लावल्या. जाता-येता मिळून एकेचाळीस नोंदी. ‘परत जाईन का’ या रकान्यात ‘हो’ तेरा वेळा आलंय. सिद्धबाबाच्या ओळीत ठिकाणाच्या जागी तिने ‘आपली गाडी’ लिहिलंय, कडी ‘चांगली’, पैसे ‘नाही’, आणि किल्ली कुणाकडे या रकान्यात ‘माझ्याकडे’.

तो नकाशा तिने तिच्या जुन्या डब्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. सात जणी आहेत, सगळ्या निवृत्त, विरारपासून भाईंदरपर्यंत पसरलेल्या. दोन दिवस ग्रुप नुसता खणखणत होता. आता त्यांना मामाची गाडी हवी आहे. नर्मदेच्या काठाने जायचं म्हणतायत. मामाने सांगितलं, गाडीत चारच जणी झोपू शकतात. आई म्हणाली, “तिघींच्या बाकावर चौथी कशी बसते हे शिकवायला तुला एकदा संध्याकाळच्या विरार गाडीत घालायला हवं.”